विहिरीची वही: कांद्याचं उळं (रोपासाठीचं बी) टाकायच्या आधी पाणी कसं मोजायचं

पेपरात गंगापूर धरण किती टक्के भरलं ते पहिल्या पानावर येतं. आमच्या विहिरीचं कोण छापणार? म्हणून मी वही घातली. त्याला आता सात वर्षं झाली.

आमची पाच एकर जमीन सिन्नरच्या पूर्वेला, वावीच्या पुढं, शिर्डी रस्त्यापासून आत. जिल्हा एकच, पण इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडं पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणायचं. एक एकर डाळिंब, बाकी खरिपात सोयाबीन-मका आणि रब्बीत कांदा, गहू, हरभरा. शेततळं सोडलं तर पाणी एकाच विहिरीचं. वीस फूट व्यास, सेहेचाळीस फूट खोल. माझे सासरे, आप्पा, तिला आठ परसाची विहीर म्हणतात; परस म्हणजे पुरुषभर उंची.

२०१८ सालची गोष्ट आधी सांगते. दसऱ्याला विहिरीत सत्तावीस फूट पाणी होतं. वरून डोकावलं की निळंशार दिसायचं. पाऊस सप्टेंबरातच तोंड फिरवून गेला होता, पण भरलेली विहीर बघून कुणाला सुचतंय? आदल्या वर्षीच्या भावाच्या गप्पा चालू होत्या. दोन एकर उन्हाळ कांदा लावला, पाटानं. फेब्रुवारी सरता सरता मोटर पाण्याऐवजी वारा ओढायला लागली. कांदा लिंबाएवढा होऊन थांबला. पुढं तीन महिने डाळिंबाला टँकर. तीनशे झाडं, झाडाला तीस लिटर, म्हणजे नऊ हजार. दहा हजारांचा एक टँकर एका पाळीतच संपायचा.

त्या मे महिन्यात मुलीची जुनी वही घेऊन मी हिशेब केला, आणि हिशेब पाहून मलाच हसू आलं. सत्तावीस फूट पाणी म्हणजे साधारण दोन लाख अडतीस हजार लिटर. एक एकराला वाफ्यांतून पन्नास मिलिमीटरचं एक पाणी द्यायचं तर दोन लाख लिटर लागतं. म्हणजे ज्या भरलेल्या विहिरीच्या जिवावर मी दोन एकर कांदा लावला, तिच्यातलं उभं पाणी एक एकराला जेमतेम एकदा पुरलं असतं. कांद्याला तशी बारा पाणी लागतात.

म्हणून पहिलं हे शिका की विहीर म्हणजे किराणा दुकानाचा गल्ला आहे. रात्री गल्ल्यात किती साचलंय त्यावर दुकान चालत नाही, दिवसाला किती येतंय त्यावर चालतं. आम्ही त्याला पाझर म्हणतो. मोजायचा असतो तो पाझर.

एक फूट म्हणजे किती लिटर

गोल विहीर असेल तर व्यास फुटात घ्या, त्याला त्याच आकड्यानं गुणा आणि मग बावीसनं गुणा. आमचे वीस गुणिले वीस गुणिले बावीस, म्हणजे ८,८००. विहिरीत एक फूट पाणी म्हणजे आमच्याकडं इतके लिटर. चौकोनी विहीर असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले अठ्ठावीस. हा आकडा कठड्यावर रंगानं लिहून टाका. पुढचं सगळं गणित याच्यावर उभं आहे.

जमिनीसाठी याहून सोपं. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे शंभर लिटर. एकराला चार हजार.

पातळी मोजणं

मी आधी सुतळीला दगड बांधून मोजायचे. दोन महिने मोजलं आणि मग कळलं की सुतळी भिजून लांबते. माझे आकडे एक-एक फुटानं खोटे होते. ती पानं फाडली. आता गवंड्याकडं असतो तसला शंभर फुटी टेप आहे. त्याच्या टोकाला स्टीलचा लहान पेला पालथा बांधलाय. पेल्याच्या बुडाला भोक पाडून तार घातली की झालं. पेला पाण्याला टेकला की ‘डुब्ब’ असा आवाज येतो. अंधार असो, पाणी कितीही खाली असो, आवाज चुकत नाही. दगड कधी टेकला ते कळतच नाही, तो आत गेलेला असतो.

कठड्यावर एका जागी लाल खूण करा आणि दर वेळी तिथूनच टेप सोडा. आमचा कठडा एका बाजूला अर्धा फूट उंच आहे. धाकटा दीर एकदा त्या बाजूनं मोजून आला आणि ‘वहिनी, पाणी उतरलं!’ म्हणून घरभर घाबरवून गेला.

मी सोमवारी मोजते. पण वारापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मोटर बंद होऊन निदान सहा तास झालेले हवेत. आमच्याकडं थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री असते. रात्रीच्या आठवड्यात पहाटे मोजलं तर आकडा हमखास खाली येतो, कारण आत्ताच उपसा झालेला. अशा वेळी दुपारनंतर मोजायचं आणि वहीत वेळ लिहायची. आणि एक, रात्री विहिरीवर एकट्यानं जायचं नाही. आमच्या भागात बिबट्या आहे आणि कठड्याला पाय घसरायला बिबट्याही लागत नाही.

आता पाझर. हा महिन्यातून एकदा मोजायचा, विहीर अर्धी-निम्मी उपसलेली असताना. तुडुंब विहिरीत पाझर कमी दिसतो, कारण आतलं पाणीच येणाऱ्या पाण्याला अडवून धरतं. मागच्या वेळचं उदाहरण देते. संध्याकाळी सहाला मोटर बंद केली तेव्हा कठड्यापासून पाणी ३१ फुटांवर. सकाळी सहाला साडेसत्तावीस. बारा तासांत साडेतीन फूट चढलं. साडेतीन गुणिले ८,८०० म्हणजे ३०,८००, दिवसाला त्याच्या दुप्पट. मी खाली धरते: साठ हजार लिटर. शेजारच्यांच्या मोटरा त्या रात्री चालू होत्या का, तेही वहीत लिहा. आमच्या बांधापलीकडच्या बोअरचा उपसा चालू असला की आमचा पाझर अर्ध्या फुटानं कमी होतो. भांडायला म्हणून नाही, आकडा समजायला म्हणून लिहायचं.

आपल्याकडचा खडक समजून घेतला की हे सगळं कोडं सुटतं. वर माती, तिच्याखाली मुरूम, कुठं मांजऱ्या (पांढऱ्या ठिपक्यांचा मऊसर खडक), खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. शंभर भाग खडकात पाणी दोन-तीन भाग. जागाच इतकी थोडी, म्हणून चांगला पाऊस झाला की विहीर बघता बघता चढते आणि उपसा सुरू झाला की तितक्याच वेगानं उतरते. भरलेली विहीर फसवते ती यामुळं.

पाऊस

सरळ भिंतींचा डबा घ्या, वनस्पती तुपाचा जुना डबा चालतो. झाडापासून, छपरापासून लांब, खांबावर बसवा. रोज सकाळी साडेआठला आतलं पाणी पट्टीनं मोजायचं आणि ओतून टाकायचं. हवामान खात्याची वेळ हीच, त्यामुळं आपला आकडा मंडळाच्या आकड्याशी ताडून बघता येतो. अतिवृष्टीच्या पंचनाम्याला चोवीस तासांत ६५ मिलिमीटरची अट महसूल मंडळाच्या केंद्रावर मोजतात. आपल्या डब्याचा आकडा तिथं कुणी मानत नाही, पण तोंडावर सांगायला तरी असतो.

बेरीज मात्र फार मनावर घेऊ नका. किती दिवस पडला ते बघा. खात्याच्या हिशेबात अडीच मिलिमीटर किंवा जास्त झाला तरच तो पावसाचा दिवस. हल्ली आमच्याकडं महिनाभर कोरडं आणि मग दोन दिवसांत सगळं, असं वाढलंय. बेरीज तितकीच भरते, पण धो-धो पडलेलं पाणी ओढ्यानं निघून जातं, मुरमात उतरायला त्याला सवडच नसते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. माझ्या वहीत ते पान जवळपास कोरंच आहे. ऑक्टोबर सरता सरता सिन्नर, येवला, मालेगाव दुष्काळी जाहीर झाले. आणि महिन्याच्या आत, २६ नोव्हेंबरला, गारांसकट अवकाळी! निफाडकडं द्राक्षं झोडपली, आमच्याकडं कांद्याचं रोप झोपलं. सोमवारी विहीर मोजली, तर तसूभर हलली नव्हती. तेव्हापासून दिवाळीनंतरचा पाऊस मी नुकसानीच्या पानावर लिहिते, जमेच्या नाही. सासूबाई म्हणायच्या, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती.’ ते ज्वारीच्या काळातलं. उळं टाकलेलं असताना स्वाती पडल्या तर रोप सडतं.

मोटर आणि ड्रीपर

मोटर तासाला किती फेकते ते पाटीवर वाचू नका. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा, मोबाइलवर सेकंद मोजा. आमचा ड्रम दिवाळीला ३२ सेकंदांत भरतो, म्हणजे तासाला साडेबावीस हजार. मार्चमध्ये तोच ४५ सेकंद घेतो, म्हणजे सोळा हजार. पाणी खोल गेलं की तीच मोटर कमी फेकते. ‘चार तास पाणी दिलं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

ठिबकचा ड्रीपर तासाला चार लिटरचा असेल तर पंधरा मिनिटांत बरोबर एक लिटर पडायला हवा. लाइनीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी बाटली लावून बघा. शेवटची बाटली अर्धी राहिली तर आधी नळ्यांची टोकं सोडून गाळ धुऊन काढा.

दसरा ते दिवाळी: खरा हिशेब

उन्हाळ कांद्याचं उळं ऑक्टोबर-नोव्हेंबरात टाकतात, लागवड डिसेंबरात. म्हणजे निर्णय उळं टाकायच्या आधी व्हायला हवा. रोप तयार झालं की कुणाचा हात थांबत नाही. ‘आता एवढं रोप फेकायचं का?’ म्हणून जास्तीची लागवड होते आणि तिथंच गाडी घसरते.

मागच्या सालचा माझाच हिशेब देते. नोव्हेंबरचा पाझर दिवसाला साठ हजार. माझ्या वहीप्रमाणं फेब्रुवारीपर्यंत तो दर महिन्याला पाऊणपट होतो आणि मार्चला निम्मा. म्हणजे ६०, ४५, ३४, २५ आणि १२ हजार. तुमची विहीर वेगळी उतरेल, पण पहिल्या वर्षी हाताशी काही नसेल तर हे धरा. पाच महिन्यांची बेरीज ५२ लाख ८० हजार लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. डाळिंबाला तीनशे झाडं गुणिले पंचवीस, रोजचे साडेसात हजार. घर आणि जनावरं हजार. पाच महिन्यांत दोन्ही मिळून पावणेतेरा लाख. उरले चाळीस लाख! ठिबकवर एक एकर कांद्याला सोळा लाखांच्या आसपास लागतं. धाकटा दीर म्हणाला, ‘वहिनी, दोन एकर आरामात.’

बेरजेनं आरामात, पण महिन्यानं नाही. पीक बेरीज पीत नाही, रोजचं पाणी पितं. मार्चमध्ये एक एकर कांद्याला रोज पाच मिलिमीटर धरलं तर वीस हजार लिटर, त्यात साडेआठ हजार डाळिंब-घराचे. साडेअठ्ठावीस हजार हवेत आणि विहीर देते बारा. रोजचा साडेसोळा हजारांचा तुटवडा, वीस दिवसांचा तीन लाख तीस हजार. तो विहिरीतल्या उभ्या पाण्यातून काढायचा. पण तळाचे चार फूट मोटरला ओढता येत नाहीत, म्हणून सत्तावीसमधले तेवीस फूटच मोजायचे: दोन लाख दोन हजार. बसत नाही. तीस गुंठे करून बघितले, तुटवडा दोन लाख तीस हजार. तरी बसत नाही. पंचवीस गुंठ्यांना एक लाख ऐंशी हजार. बसलं.

तर पंचवीस गुंठे कांदा लावला. दीर दोन दिवस बोलला नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात जास्तीचं जे पाणी असतं ते लवकर निघणाऱ्या पिकाला वापरायचं. हरभऱ्याला दोन पाणी पुरतात. गव्हाला एकच पाणी शक्य असेल तर ते चाळीस-बेचाळीस दिवसांनी द्या. दोन असतील तर पहिलं वीस-बावीस दिवसांनी, मुकुटमुळं फुटताना, आणि दुसरं साठ-पासष्ट दिवसांनी. निफाडच्या संशोधन केंद्राचा नेत्रावती हा वाण कमी पाण्यासाठीच आहे. त्या केंद्राच्या वाणांची नावं मला आवडतात: त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी. पोत्यावर वाचलं की नाशिकला फेरी मारून आल्यासारखं वाटतं.

शेततळं

याबद्दल माझं मत सगळ्यांना पटत नाही. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, तिरप्या बाजूंचं तळं साधारण बावीस लाख लिटर धरतं. ते ओढ्याच्या पावसाळी पाण्यानं भरलं तर सोनं. पण आमच्याकडं बरेच जण विहीर-बोअर उपसून तळं भरतात. मीही दोन वर्षं भरलं. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणायचं, विजेवर खर्च करायचा आणि उन्हात ठेवायचं! तळ्याच्या काठाला पट्टी रोवून बघा: पाणी एक सेंटीमीटर उतरलं की नऊ हजार लिटर गेलं, म्हणजे आमच्या तीनशे झाडांची एक पाळी. एप्रिल-मेच्या उन्हात एवढं जायला एक-दोन दिवस पुरतात. तुम्ही उपसून ठेवलंत तर शेजारीही उपसतो, आणि दोघांचाही पाझर जातो.

आता आमचं तळं फक्त ओढ्याला पाणी असताना भरतं आणि एप्रिलपासून डाळिंबालाच लागतं. कागद, म्हणजे तळ्यात अंथरायचं प्लॅस्टिक, घेताना जाडी स्वतः तपासा. मला एका दुकानदारानं पाचशे मायक्रॉन सांगून पातळ दिला, तिसऱ्या उन्हाळ्यात तडकला. आणि कुंपण, चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर, जुन्या ट्यूब पाण्यात सोडलेल्या, हे कागद अंथरायच्या दिवशीच करा. पोहता येणारा माणूसही ओल्या कागदावरून वर चढू शकत नाही.

एकट्याची वही, गावाची वही

पाणी बांध ओळखत नाही. नगरकडच्या हिवरे बाजारनं गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली आणि शेतीसाठी बोअर बंद केले, ते सगळ्यांनी ऐकलंय. आमच्याच तालुक्यात देव नदीवरचे इंग्रजांच्या काळातले पाट युवा मित्र संस्थेनं लोकांना बरोबर घेऊन पुन्हा वाहते केले. आमच्या वस्तीवर तेवढं काही नाही. सात विहिरींच्या सात वह्या आहेत, त्यातल्या चार नियमित. दसऱ्याच्या आदल्या रविवारी आम्ही आमच्या ओट्यावर बसतो आणि पाझराचे आकडे मोठ्यानं वाचतो. पहिल्या वर्षी प्रत्येकानं आपला आकडा फुगवून सांगितला, आपली विहीर कमी कशी म्हणायची! दुसऱ्या वर्षी मी टेप आणि पेला घेऊन सगळ्यांबरोबर सातही विहिरींवर फिरले.

सुरुवात करणार असाल तर आजच्या पानावर एवढंच लिहा: तारीख, वेळ, मोटर बंद होऊन किती तास, कठड्यापासून पाणी किती फुटांवर, डब्यातला पाऊस. मे महिन्यात तळ दिसला की गाळ किती फूट साचला तेही मोजा, नाहीतर खोलीचा आकडा खोटा धरून बसाल. आमच्या सेहेचाळीस फुटांतले दीड फूट मागच्या वर्षी गाळच निघाला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मोटरच्या पेटीत ठेवते, पेन्सिलीसकट. पेनाची शाई ओल्या हातानं पसरते. आप्पा अजून सोमवारी विचारतात, ‘किती परस?’ मी फुटांत सांगते. ते मनात भागाकार करतात आणि चहाचा कप खाली ठेवतात.